जुन्या काळच्या बायांवरच्या कादंबऱ्या आणि चरित्रं : खरं किती, लेखकाच्या मनचं किती? आणि आपल्या विदर्भातल्या बायांवर काय वाचावं?

वऱ्हाडची_वाचक

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

मूर्तिजापूर तालुक्यात आमचं लहानसं खेडं आहे. बचत गटाच्या बाया दर गुरुवारी रात्री जेवणं आटोपली की समाजमंदिरात जमतात, पैसे गोळा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले की मी अर्धा-पाऊण तास पुस्तक वाचून दाखवते. तिसरं वर्ष चालू आहे. सुरुवात सावित्रीबाईंपासून केली, मग अहिल्याबाई, मग रमाबाई रानड्यांच्या आठवणी, आणि दिवाळीनंतर जिजाऊंवरची एक जाडजूड कादंबरी हातात घेतली कारण १२ जानेवारीला आम्ही सगळ्या गाडी करून सिंदखेडराजाला जाणार होतो आणि जायच्या आधी ती वाचून व्हावी असं मनात होतं.

त्यात लखुजीराव जाधवांच्या खुनाचं प्रकरण आलं. वर तारीख छापलेली, २५ जुलै १६२९, देवगिरी. निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांची दोन मुलं आणि एक नातू, चौघं एकाच दिवशी कापले गेले. हे इतिहासात आहेच. आणि शिवाजीराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, म्हणजे बोटं मोजली तर जिजाऊ तेव्हा दोन-अडीच महिन्यांच्या गरोदर. बाप गेला, भाऊ गेले, भाचा गेला आणि पोटात लेकरू. पुढची चार पानं त्या रात्रीची, जिजाऊ दासीला काय म्हणाल्या, पोटावर हात ठेवून काय पुटपुटल्या. मी वाचून राहिले होते आणि बाया पदराने डोळे पुसून राहिल्या होत्या, माझाही आवाज भरून आला. मागे भिंतीला टेकून एक आजी बसते, ऐंशीच्या पुढची, वाती वळत वळत ऐकते. तिने हात थांबवले आणि म्हणे, "माय, हे रातचं बोलनं कोनं आयकलं व? त्या खोलीत लिवाले कोन बसलं होतं?"

मी म्हटलं आजी, ते लेखकाने मनाने लिहिलं आहे. तर म्हणे, "मंग तसं आधी सांगाचं ना. मी तं खरंच समजली."

तेव्हापासून माझं वाचन अडलं आहे. पुस्तक उघडलं की प्रत्येक वाक्याला आजीचा आवाज येतो, कोनं आयकलं. तुम्ही लोक हे कसं वाचता? लेखकाने कुठवर मनाचं घालावं, खऱ्या बाईच्या तोंडी? आणि दुसरं, आमच्या बायांना आपल्या इकडच्या बाया हव्या आहेत, वऱ्हाड, नागपूर, चांदा इकडच्या. राजघराण्यातल्याच असाव्या असं काही नाही. कोणाला काही माहीत असेल तर सविस्तर लिहा.

---

बुलढाण्याचे_गुरुजी

ताई, आधी आजींना माझा नमस्कार सांगा. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला पण हा प्रश्न एकाही पोराने इतका सरळ विचारला नाही.

माझी एक जुनी सवय सांगतो. ऐतिहासिक कादंबरी वाचताना हाताशी पेन्सिल ठेवायची. जे कागदपत्रात सापडू शकतं त्याच्यापुढे समासात उभी रेघ, म्हणजे तारीख, लढाई, सनद, जन्म-मृत्यू, कोण कोणाच्या घरी दिली ते. जे सापडूच शकत नाही त्याच्यापुढे नुसतं टिंब, म्हणजे एकांतातलं बोलणं, मनातले विचार, स्वप्न. एक प्रकरण असं वाचून पाहा. पुरुषांवरच्या पुस्तकात रेघा जास्त निघतात आणि बायांवरच्या पुस्तकात टिंबं, कारण स्वारी, तह, हिशोब सगळं लिहून ठेवायला कारकून होता आणि माजघरात कारकून नव्हता. लेखकाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हाती मुळात कागदच कमी आहे.

म्हणून मी म्हणतो जिथे बाईने स्वतः लिहून ठेवलं आहे तिथून सुरुवात करा. आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. त्यांचं मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिलं, म्हणजे त्याच काळातल्या दुसऱ्या बाईने, आणि त्यात आनंदीबाईंची पत्रं आहेत. पत्रं आधी वाचली की मग त्यांच्यावरची कादंबरी, नाटक, सिनेमा काहीही घ्या, कुठे बाई बोलून राहिली आणि कुठे लेखक बोलून राहिला ते कानाला कळतं.

आणि आपल्या इकडची म्हणाल तर आमच्या बुलढाण्याची ताराबाई शिंदे! तुमच्या बायांना हिच्याशिवाय दुसरं काही वाचू नका असं म्हणायचा मोह होतो. जन्म १८५०, वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली, पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली, आणि पुण्याच्या एका वर्तमानपत्राने त्या निमित्ताने सगळ्याच बायांवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्यात बसलेल्या ह्या बाईचं डोकं तापलं आणि तिने "स्त्रीपुरुष तुलना" लिहिली. १८८२, पुण्यात छापली, ५०० प्रती. बाई वाईट चालीची म्हणता, मग तिला त्या वाटेला लावणारा कोण, हा एकच सवाल ती पानोपानी फिरवून फिरवून विचारते. आणि भाषा कशी म्हणाल तर विहिरीवर भांडण लागल्यावर निघते तशी, म्हणी काय, टोमणे काय. तुमच्या प्रश्नाच्या जवळची गोष्ट म्हणजे त्या वेळच्या कादंबऱ्या-नाटकांत बाया कशा रंगवल्या त्याचाही तिने त्यात समाचार घेतला आहे.

लोक तिच्यावर तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. पण तिने पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. मग जवळजवळ शंभर वर्षं ते कोणाच्या ध्यानात नव्हतं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी शोधून पुन्हा छापलं म्हणून आपल्याला मिळालं. मी स्वतः बुलढाण्यात शिकलो, इथेच शिकवलं, आणि तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं वय चाळीस होतं. ही गोष्ट मला आजही लागते.

---

कास्तकार_सावनेर

गुरुजींनी चांगलं लिहिलं. मी एक वेगळं नाव घेतो, रागावू नका. बांकाबाई भोसले.

आता नागपूरकडचे म्हणतील की ही तर काळी मारबत. हो. पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, काळी १८८१ पासून निघते म्हणतात, आणि काळी म्हणजे इंग्रजाला मिळालेली बांकाबाई असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या गावातही तनिसाची मारबत करून पहाटे शिवेवर नेऊन जाळतात, खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत असं ओरडत, मी पण लय ओरडलो आहे पोट्टा होतो तेव्हा. ती बाई कोण होती हे कोणालेच विचारलं नाही.

मागच्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी म्हणून वाचायला घेतलं तर डोकं सुन्न झालं. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची ही राणी. १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबाला गादीवरून काढलं आणि लहान पोराला, म्हणजे तिसऱ्या रघुजीला बसवलं, तेव्हा कारभार पाहायला हीच. तिसरा रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये गेला, पोटी मुलगा नाही, डलहौसीने राज्य खालसा केलं. तोवर ही ऐंशीच्या घरातली बुढी झालेली. वाड्यातलं सामान उचलायला इंग्रज आले तेव्हा तिने धमकी दिली की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन. हे आपल्या कोणा माणसाने लिहिलेलं नाही, जॉन विल्यम के नावाच्या इंग्रजाने सत्तावन्नच्या बंडाचा इतिहास लिहिला त्यात आहे. सामान गेलंच. दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले.

आणि मग जनावरं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि गोठ्यात जाऊन बसलो. हत्ती, उंट, घोडे, बैल अशी पाच-सहाशे जनावरं लिलावात १३०० पौंडांत फुकली. राण्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला, त्यातलं एक वाक्य त्या इंग्रजाने तळटीपेत छापलं आहे, की ४ तारखेला, म्हणजे सप्टेंबरच्या, लिलाव सुरू झाला आणि गाडीच्या बैलांची २०० रुपयांची जोडी ५ रुपयांत गेली. पाच रुपये! खाटकाच्या भावातही बसत नाही. पोळ्याच्या आगेमागेचे दिवस ते. राज्य गेलं, जवाहीर गेलं, आणि अर्जात बैलजोडी लिहायला त्या विसरल्या नाहीत.

सत्तावन्नमध्ये तिने इंग्रजाविरुद्ध उठायला नकार दिला आणि आपल्या माणसांनाही आवरलं, हे खरं आहे, ते मी लपवत नाही. १८५८ मध्ये ती गेली, आणि १८६१ मध्ये तिच्या घरच्या दत्तकाला देऊरचा राजाबहादूर अशी पदवी इंग्रजांनी दिली. आता त्यावरून तिला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण कादंबरी लिहायची तर ह्या बाईवर लिहा ना कोणी! घर वाचवायचं, पोराचं दत्तक मंजूर करून घ्यायचं आणि समोर तोफा, ह्यात ऐंशी वर्षांची बाई रात्री काय विचार करत असेल तिथे लेखकाने खुशाल टिंबं द्यावी, मी वाचीन. मारबतीचा सण बंद करा असं माझं म्हणणं नाही. मी फक्त बैलजोडीचं सांगत असतो पोरांना, शिवेवर जाण्याआधी.

---

जात्याजवळची

मला थोडं वेगळं वाटतं. मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडीत आहे, शिक्षण बारावी. गुरुजी म्हणतात आधी पत्रं वाचा, सनदा पाहा, पण आमच्यासारख्यांना त्या पत्रापर्यंत जायची वाट कोणी दाखवली? कादंबरीनेच दाखवली. शाळेच्या पुस्तकात येसूबाई म्हणजे एक ओळ होती, संभाजीराजांच्या पत्नी. कादंबरीत वाचलं तेव्हा कळलं की ती बाई १६८९ पासून १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत होती, तीस वर्षं, सात वर्षांचा शाहू घेऊन गेली आणि तो सुटून राजा झाला तरी ही मागेच ओलीस. ते वाचून मी इतिहासाकडे वळले. टिंबं नसती तर रेघा मी कधी वाचल्याच नसत्या.

आणि माझी आई जात्यावर सीतेच्या ओव्या म्हणायची, वनवासातल्या, बाळंतपणाच्या, तिला न्हाऊ कोणी घातलं, पाळणा कोणी बांधला. सीता हे बोलली हे कोणी ऐकलं होतं? कोणीच नाही. तरी त्या खोट्या आहेत असं म्हणायची कोणाची छाती आहे? तुमच्या आजीही म्हणत असतील, विचारून पाहा.

---

वऱ्हाडची_वाचक

@जात्याजवळची, तुमचं वाचून मी खरंच विचारलं. काल संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेले, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, मी पण सोलायला बसले आणि म्हटलं आजी, सीतेच्या ओव्या म्हणता ना तुम्ही, मग ते कोणी ऐकलं? आजी जराही अडल्या नाहीत. म्हणे, "सीतेची ओवी म्हंताना साऱ्या बायाईले मालूम राह्यते का हे आपल्याच मनचं हाय. तिच्या नावानं आपलं रडनं हाय ते. तुह्या पुस्तकात वर तारीख घातली होती ना? तारीख घातली म्हनून मी इचारलं."

मी घरी येऊन पुस्तक पाहिलं. खरंच, वर तारीख आणि गाव आणि लगेच खाली बोलणं. वाचणाऱ्याला वाटणारच की तारीख जशी खरी तसं बोलणंही खरं. आजीचा पहिला प्रश्न मला समजला असं वाटलं होतं, पण अडचण नेमकी कुठे आहे ते आजीने दाखवलं. आता गुरुजींची पेन्सिल घेऊन बसले आहे, आणि वाचताना टिंबाच्या जागी मी आवाज थोडा खाली आणते, बायांना सांगून ठेवलं आहे की आवाज खाली आला म्हणजे हे लेखकाचं.

---

उमरेडवाली

मी उमरेडची, आणि इथे जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. जन्म १८९२, दलित कुटुंब, दुष्काळात घर सोडून नागपूरला आले. बाई नागपूर-कामठी डोक्यावर ओझी वाहायची. एका मिशनरी बाईने तिला महिना चार रुपयांवर शिक्षिका म्हणून घेतलं तर वरच्या जातीच्या पालकांनी गडबड केली आणि नोकरी गेली. पुन्हा ओझी उचलली. आणि १९२२ मध्ये तिने स्वतः नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ मध्ये नागपुरातल्याच एका मोठ्या महिला परिषदेत जेवणाच्या पंगतीत तिला वेगळं बसवलं, म्हणजे बायांच्या परिषदेत बायांनीच. त्यावर इकडच्या दलित बाया पेटून उठल्या. पुढे २० जुलै १९४२ ला नागपुरात बाबासाहेबांसमोर दलित महिलांची जी परिषद भरली तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, अमरावतीच्या. ताई, तुमच्या जवळच्याच.

हे मला कुठून कळलं तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या "आम्हीही इतिहास घडवला" ह्या पुस्तकातून, १९८९ चं आहे. त्या दोघींनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बाया शोधल्या, त्यांच्या घरी बसून त्यांना बोलतं केलं आणि तेच छापलं. तुमच्या आजी विचारतात ना कोनं आयकलं, तर इथे उत्तर आहे, ह्या दोघींनी ऐकलं. मुलाखती आहेत म्हणून वाचून दाखवायलाही सोप्या जातात. माझ्या सासूला मी वाचून दाखवलं तर त्या मधेच थांबवून त्यांच्या मोर्च्याची गोष्ट सांगायला लागल्या, जी आम्ही घरात वीस वर्षांत ऐकली नव्हती. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली.

---

चांदागडचा

चंद्रपूरची राणी हिराई राहून गेली. गोंड राजा वीरशहा मारला गेल्यावर दत्तक रामशहाच्या नावाने तिनेच राज्य चालवलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. नवऱ्याची समाधी तिने बांधली, चंद्रपुरात गोंडराजांच्या समाध्या आहेत त्यात सगळ्यात मोठी तीच. महाकालीचं देऊळही तिचंच म्हणतात. चैत्रात यात्रेला पार नांदेडकडून लोक येतात, झरपट नदीत अंघोळ करून रात्रभर गाणी म्हणतात, पण देऊळ कोणी बांधलं विचारा, दहात एकाला येईल का शंका आहे. हिच्यावर लिहायचं तर चूल-मूल बाजूला ठेवून आधी दगड पाहावे लागतील, समाधीची कमान, कोट, दरवाजे. कागद कमी आहे पण बांधलेलं उभं आहे.

---

रिद्धपूरकर

एकच भर घालतो. आपल्या मराठीची आद्य कवयित्री महदंबा आमच्या रिद्धपुरात राहिलेली, तेराव्या शतकातली, तिचे धवळे म्हणजे लग्नातली गाणी. लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, ती स्वामींना सारखी काही ना काही विचारत असते आणि स्वामीही म्हणतात की ही म्हातारी नेहमी काहीतरी पुसतच असते. तुमच्या आजींची गोष्ट वाचली आणि तीच आठवली. लीळाचरित्र म्हाइंभटाने ऐकणाऱ्यांना विचारून विचारून गोळा केलं, त्यामुळे तिथे बाई जे बोलली ते ऐकलेल्याने सांगितलेलं आहे. बायांना एक-दोन लीळा वाचून दाखवा, भाषा जुनी आहे पण आपल्या वऱ्हाडीच्या कानाला लवकर लागते.

---

वऱ्हाडची_वाचक

सगळ्यांचे खूप आभार. गुरुजी, ताराबाईंचं पुस्तक अकोल्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापक बाईंकडून मिळालं, पुढच्या गुरुवारपासून तेच सुरू करते. उमरेडवाली ताई, तुम्ही सांगितलेलं पुस्तक मी मागवलं आहे. आणि १९४२ च्या परिषदेला आपल्या गावातून कोणी गेलं होतं का हे दोन घरी विचारायचं ठरवलं आहे, एक म्हातारी बाई आहे जिची सासू गेली असावी असं वाटतं.

कास्तकारभाऊ, तुमचं बांकाबाईचं मी काल गटात वाचून दाखवलं, जसं तुम्ही लिहिलं तसंच. वाड्याला आग लावीन म्हणाली तिथे बाया हसल्या, खुश झाल्या. सत्तावन्नचं आलं तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या की मग जाळतात ते बरोबरच आहे, त्यावरून थोडी बोलाचाली झाली, जिच्या घरी दत्तक आहे ती एक सून एकदम गप्प बसली होती. मग बैलजोडीचं वाचलं. दोनशेची जोडी पाच रुपयांत. समाजमंदिरात कोणी बोललंच नाही थोडा वेळ, मागच्या उन्हाळ्यात चाऱ्यापायी जोडी विकलेली घरं आहेत आमच्यात.

मग मागून आजीने विचारलं, "त्या जोडीची नावं लिवली हायेत का व?"

मी पुन्हा एकदा तुमचं सगळं वर-खाली करून पाहिलं. म्हटलं, नाही आजी, नावं नाही लिहिली.